परंगीमलईचा क्रूस आणि अक्षरांची राखण

इंग्लंडच्या वायव्य भागात गॉस्फर्थ या खेड्यातील चर्चच्या आवारात दहाव्या शतकातील एक दगडी क्रूस उभा आहे. उंची सुमारे 4.4 मीटर. समुद्रापलीकडून येऊन त्या मुलुखात वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांनी नवा धर्म स्वीकारला, पण जुन्या कथा टाकल्या नाहीत. म्हणून एकाच स्तंभावर क्रूसावरील ख्रिस्तही आहे आणि त्यांच्या पुराणातील बंदिवान लोकी व त्याची पत्नीही. परमुलखात स्थायिक झालेल्यांचे मन त्या दगडावर उमटले आहे.

असाच एक साक्षीदार आपल्या सिरुसेरीच्या उत्तरेस, परंगीमलई म्हणजे सेंट थॉमस माउंटवरील चर्चमध्ये आहे. 1547 साली पोर्तुगीजांना तेथे खोदकाम करताना ही कोरीव क्रूसशिळा सापडली. तिच्या कडेने कोरलेली अक्षरे कोणालाच लागेनात. अखेर एका स्थानिक पंडिताने त्यांतून संत थॉमसची लांबलचक कथा ‘वाचून’ दाखविली आणि ती बराच काळ खरी मानली गेली. पुढे 1873 मध्ये बर्नेल यांनी ही लिपी इराणातील पहलवी असल्याचे दाखविले. मुंबईचे पारशी पंडित जीवनजी जमशेदजी मोदी यांनीही अशा क्रूसलेखांचा अभ्यास केला. लेखाच्या अर्थाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. प्रभूकडे केलेली दयेची याचना, असा अलीकडचा एक अर्थ आहे.

ही लिपी महाराष्ट्रालाही परकी नाही. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत 1009 व 1021 या वर्षी येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे पहलवीतच कोरली आहेत. मात्र कान्हेरीची अक्षरे ज्या समाजाची, त्याच्या धर्मग्रंथांत पहलवी जिवंत राहिली. परंगीमलईची अक्षरे मात्र शतकानुशतके पूजेत राहूनही मुकी झाली होती.

कान्हेरी हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकांना 1958 च्या कायद्याचे कवच असते. 2010 च्या दुरुस्तीने तर त्यांच्या भोवतालच्या किमान 100 मीटर परिसरात नव्या बांधकामास मनाई केली. कायदा दगड राखतो. त्यावरील भाषा राखण्याचे काम माणसांनाच करावे लागते.

हे आपल्याला तंजावरात अधिक जाणवावे. तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. मंदिर संरक्षित आहे, शिलालेख सुरक्षित आहे. सिरुसेरीत वाढणारी आपली मुले तमिळ व इंग्रजी उत्तम बोलतात, याचा आनंदच आहे. पण ती त्या भिंतीपुढे उभी राहतील तेव्हा तेथील मराठी त्यांना कोणा पंडिताकडून वाचून घ्यावी लागू नये. सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या मंडळाने पुढील पन्नास वर्षांसाठी एवढा एकच संकल्प केला, तरी पुष्कळ झाले.