लाकडाच्या उबेवर तगणारा काश्मीरचा हिवाळा

१४ जानेवारी २०२१ रोजी महाराष्ट्रात संक्रांतीचा तिळगूळ वाटला जात असताना श्रीनगरमध्ये पारा उणे ८.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. १९९१ नंतर, म्हणजे तीस वर्षांत, शहराने एवढी थंड रात्र अनुभवली नव्हती. दल सरोवराचा पृष्ठभाग गोठला होता आणि घरोघरी नळांतील पाण्याचा बर्फ झाला होता. त्याआधी ३ ते ६ जानेवारी या काळात झालेल्या हिमवर्षावाने जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडला आणि विमानसेवा थांबली. रस्ता बंद झाला की स्वयंपाकाचा गॅस येणे थांबते, तारा तुटल्या की वीज जाते. अशा वेळी घरात ऊब टिकते ती मुख्यतः लाकूड आणि कोळसा यांच्या बळावर. हे जळण कसे साठवले जाते, कसे वापरले जाते आणि त्या वापरातील लहानशी चूकही जिवावर कशी बेतते, हे समजून घेण्याजोगे आहे.

चाळीस दिवसांचा कडाका

काश्मीर खोऱ्यातील हिवाळ्याच्या ऐन भागाचे तीन टप्पे मानले जातात. २१ डिसेंबरच्या सुमारास सुरू होणारा चाळीस दिवसांचा 'चिल्लई कलान' हा सर्वात कडक. त्यानंतर वीस दिवसांचा 'चिल्लई खुर्द' आणि शेवटी दहा दिवसांचा 'चिल्लई बच्चा' येतो. 'चिल्ला' या फारसी शब्दाचा अर्थच चाळीस दिवसांचा काळ असा आहे. चिल्लई कलानमध्ये पडणारा बर्फ उंच डोंगरांवर घट्ट बसतो आणि उन्हाळ्यात झरे व नद्यांना पाणी पुरवतो. म्हणून खोऱ्यातील माणसाला बर्फाचा त्रास होत असला तरी बर्फ न पडणे त्याहून चिंतेचे वाटते. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची मैदाने बर्फाविना उघडी राहिली, तेव्हा ही चिंता सर्वत्र व्यक्त झाली होती.

सर्वात जास्त थंडी बर्फ पडत असताना नव्हे, तर बर्फ थांबल्यावर जाणवते. ढग असताना जमिनीतून निघणारी उष्णता काही अंशी ढग अडवतात. आकाश निरभ्र झाले की ही उष्णता थेट अवकाशात निघून जाते. शिवाय पांढरा बर्फ दिवसा सूर्यप्रकाशाचा मोठा भाग परावर्तित करतो, त्यामुळे जमीन तापत नाही. वाटीसारख्या खोऱ्यात डोंगरउतारांवरील थंड, जड हवाही रात्री तळाशी येऊन साचते. २०२१ मध्ये हेच घडले. हिमवर्षाव ६ जानेवारीला ओसरला आणि उणे ८.४ अंशांची ती रात्र आली ती त्यानंतर आठ दिवसांनी. सरपण जपून वापरायचे असेल तर हे ध्यानात ठेवावे लागते, कारण हिमवर्षाव संपला म्हणून सढळ हाताने जाळलेले लाकूड पुढच्याच आठवड्यात हवे असते.

तयारी शरद ऋतूतली

लाकडावर घर उबदार ठेवणाऱ्या कुटुंबाचा हिवाळा ऑक्टोबरमध्येच सुरू होतो. सफरचंदाच्या बागांतील छाटलेल्या फांद्या, विलो आणि पॉप्लरची लाकडे, वखारीतून आणलेले ओंडके असे नाना प्रकारचे जळण गोळा केले जाते. चिनारची पाने गळू लागली की ती झाडून, पेटवून, पाणी शिंपडून त्यांचा हलका कोळसा तयार करतात. उन्हाळ्यात वांगी, टोमॅटो, दुधी, सलगम यांच्या फोडी वाळवून ठेवलेल्या असतात. थोडक्यात, रस्ता बंद झाला तरी चूल आणि शेगडी बंद पडू नये, अशी ही व्यवस्था असते.

या तयारीचा गाभा म्हणजे लाकूड वाळवणे. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. चांगल्या जळणात ते वीस टक्क्यांपेक्षा कमी असावे लागते. त्यासाठी लाकूड फोडून, जमिनीपासून उंच, वरून झाकलेले पण बाजूंनी वारा खेळेल असे रचून काही महिने ठेवावे लागते. टोकांना पडलेल्या भेगा, सुटू लागलेली साल आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्यावर येणारा खणखणीत आवाज ही लाकूड वाळल्याची खूण होय. ओल्या लाकडाचा आवाज बद्द येतो.

ओल्या लाकडाने होणारे नुकसान दुहेरी असते. वीस टक्के ओलाव्याचे एक किलो लाकूड जी उष्णता देते, तिच्या जेमतेम निम्मी उष्णता पन्नास टक्के ओलाव्याच्या एक किलो लाकडातून मिळते. लाकडाचा निम्मा भार पाण्याचाच असतो आणि उरलेल्या निम्म्यातून निघणाऱ्या उष्णतेचा काही भाग ते पाणी उकळून वाफ करण्यात खर्च होतो. दुसरे म्हणजे, ओल्या लाकडाचा धूर थंड आणि दाट असतो. धुराड्याच्या गार नळीत त्यातील द्रव्ये गोठून डांबरासारखा काळा थर बसतो. या थराला क्रिओसोट म्हणतात. तो पेट घेऊ शकतो. माळ्यावर गवत किंवा सरपण साठवलेल्या लाकडी छपराच्या घरात अशी आग काही मिनिटांत सर्वत्र पसरते.

बुखारी, हमाम आणि कांगडी

बुखारी म्हणजे लोखंडी पत्र्याची उभी शेगडी. तिच्यात लाकूड किंवा लाकडाचा भुसा जाळतात आणि धूर नळीवाटे घराबाहेर जातो. ती लवकर तापते आणि लवकर निवते. म्हणून दिवसभर तिच्यात थोडे थोडे लाकूड घालत राहावे लागते.

हमाम याउलट सावकाश तापतो. या खोलीची जमीन दगडी फरशांची असते आणि फरशांखाली पोकळी असते. बाहेरच्या तोंडातून लाकूड पेटवले की तप्त धूर फरशांखालून फिरून धुराड्यातून वर जातो. तेथेच बसवलेल्या तांब्याच्या भांड्यात पाणीही तापते. महाराष्ट्रातील जुन्या घरांतला बंब आठवला तर पाणी तापवण्याची ही सोय चटकन समजेल. हमामात बंबाच्या जोडीने सारी खोलीच तापते. एकदा तापलेला दगड कित्येक तास ऊब देत राहतो. अनेक मशिदींना हमाम जोडलेले असतात आणि कडाक्याच्या दिवसांत ते आसपासच्या लोकांचे बसण्याचे ठिकाण बनतात.

कांगडी ही माणसासोबत फिरणारी शेगडी. विलोसारख्या लवचीक काड्यांच्या विणलेल्या टोपलीत मातीचे भांडे बसवलेले असते. त्यात कोळसा आणि वर निखारे घालतात, राखेने आच मंद राखतात आणि ती 'फेरन' या सैल अंगरख्याच्या आत धरतात. चरार-ए-शरीफ आणि बांदीपोरा येथील कांगड्या नावाजलेल्या आहेत. थोडासा कोळसा एका माणसाला कित्येक तास ऊब देतो. संपूर्ण खोली तापवण्याऐवजी माणूस तापवण्याची ही युक्ती जळणाच्या दृष्टीने अत्यंत काटकसरीची आहे.

मात्र तिची किंमतही मोजावी लागते. वर्षानुवर्षे मांड्या आणि पोटाच्या त्वचेला आच लागून जाळीदार डाग पडतात आणि काहींना त्याच जागी त्वचेचा कर्करोग होतो. काश्मीरमध्ये काम करणारे डॉक्टर विल्यम एल्म्सली यांनी १८६६ मध्येच या विकाराविषयी लिहिले होते. वैद्यकशास्त्रात तो 'कांगडी कर्करोग' या नावाने ओळखला जातो. डाग पडलेल्या जागी न भरणारी जखम किंवा गाठ दिसली तर डॉक्टरांना दाखवण्यात विलंब करू नये.

बंद खोलीतील धोका

थंडी वाढली की माणूस खिडक्यांना प्लॅस्टिक लावतो, फटी बुजवतो आणि दार घट्ट बंद करतो. ऊब टिकवण्यासाठी हे योग्यच असते, पण आगीलाही हवा लागते. एक किलो वाळलेले लाकूड पूर्ण जळण्यास सुमारे चार घनमीटर हवा लागते. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीत सत्तावीस घनमीटर हवा मावते. म्हणजे सात किलो लाकूड जळताना खोलीभर हवा खर्च होते. बाहेरून नवी हवा आली नाही तर ज्वलन अपुरे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो.

या वायूला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर आणि गुंगी ही त्याची लक्षणे थकव्याची किंवा सर्दीतापाची वाटतात. झोपेत तर तीही कळत नाहीत. धूर दिसत नाही म्हणून निखारे निर्धोक आहेत, हा समज सर्वात घातक ठरतो. धगधगणाऱ्या कोळशातून धूर जवळजवळ निघत नाही, पण हा वायू मात्र मोठ्या प्रमाणात निघतो. काश्मीरमध्ये जवळपास दर हिवाळ्यात बंद खोलीत गुदमरून मृत्यू झाल्याच्या घटना घडतात.

यावरचे उपाय साधे आहेत. कोळशाची शेगडी झोपण्याच्या खोलीत ठेवू नये. निजण्यापूर्वी बुखारी विझू द्यावी आणि कांगडी अंथरुणाबाहेर, खोलीबाहेर ठेवावी. बुखारी पेटलेली असताना एखादी खिडकी बोटभर तरी उघडी असावी. घरातील दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर तो योगायोग मानू नये. सर्वांनी तत्काळ बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि रुग्णालय गाठावे. गुलमर्ग किंवा पहलगाम येथे हिवाळ्यात जाणाऱ्या महाराष्ट्रातील पर्यटकांच्या खोलीतही बुखारी असू शकते. सवय नसल्याने ही काळजी त्यांनी अधिकच घ्यावी.

छपरावरचा भार, नळीवरचा बर्फ

ताजा, भुसभुशीत बर्फ हलका असतो. तो दबला आणि ओला झाला की त्याचे वजन तिपटीहून वाढते. शंभर चौरस मीटरच्या छपरावर तीस सेंटिमीटर ताजा बर्फ सुमारे तीन टन भरतो, तर तेवढाच जाडीचा ओला, दबलेला बर्फ नऊ टनांच्या घरात जातो. काश्मीरमधील छपरे उतरती असतात ती यासाठीच. पण घसरणारा बर्फ बुखारीची नळी वाकवतो किंवा तिचे तोंड बुजवतो. मग धूर आणि वायू उलटून खोलीत शिरतात. म्हणून प्रत्येक मोठ्या हिमवर्षावानंतर शेगडी पेटवण्याआधी नळीचे बाहेरचे तोंड मोकळे आहे ना, हे पाहावे लागते. नळीचे सांधे आणि आतली काजळी हिवाळ्यापूर्वी एकदा आणि मध्यावर पुन्हा साफ करावी. काढलेल्या राखेत निखारे बराच काळ जिवंत राहतात. ती झाकणाच्या धातूच्या बादलीत, घराबाहेर ठेवणे श्रेयस्कर.

साठा संपत आला तर

हिवाळा लांबला की काटकसरीचे मार्ग शोधावे लागतात. सर्व कुटुंबाने एकाच खोलीत, शक्यतो तळमजल्यावरच्या लहान खोलीत राहावे. जमिनीवर चटई, नमदा व सतरंजी अंथरावी. दाराला जाड पडदा लावावा. उरलेले लाकूड ओले असेल तर ते बारीक फोडून, शेगडीपासून सुरक्षित अंतरावर एक-दोन दिवस ठेवून, सुक्या ढलप्यांत मिसळून वापरावे. ओले लाकूड पेटत नाही म्हणून त्यावर रॉकेल किंवा पेट्रोल ओतणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय. रंग दिलेली फळकुटे, प्लायवूड आणि प्लॅस्टिक जाळू नये, कारण त्यांचा धूर विषारी असतो.

उबेचा हिशेब

लाकूड आणि कोळसा यांच्या वापराचा भार हवेवरही पडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, श्रीनगरच्या हिवाळी हवेत अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण घनमीटरला ३४८ मायक्रोग्रॅमपर्यंत गेल्याचे आढळले. देशातील मर्यादा ६० मायक्रोग्रॅमची आहे. घरगुती कोळशाचे ज्वलन हे त्याचे प्रमुख कारण ठरले. वाळलेले लाकूड आणि मोकळी नळी यांमुळे सरपण वाचते, तसाच धूरही कमी होतो.

खोऱ्याचे एकाकीपण आता पूर्वीइतके राहिलेले नाही. बनिहाल-काझीगुंड हा साडेआठ किलोमीटरचा नवा बोगदा २०२१ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि ६ जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे जोडली गेली. तरीही रामबन परिसरात दरडी कोसळतात आणि तारा बर्फाने तुटतात. थंडीनेही माघार घेतलेली नाही. २१ डिसेंबर २०२४ रोजी, चिल्लई कलानच्या पहिल्याच पहाटे, श्रीनगरमध्ये उणे ८.५ अंशांची नोंद झाली. डिसेंबरमधील एवढी थंड रात्र गेल्या पन्नास वर्षांत आली नव्हती. त्या रात्री ज्या घरांत शरद ऋतूत वाळवलेले लाकूड रचलेले होते आणि नळी साफ केलेली होती, त्यांना खिडकी बोटभर उघडी ठेवणे परवडत होते. ज्यांचा साठा ओला किंवा अपुरा होता, त्यांना प्रत्येक फट बुजवण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. हिवाळी अपघातांचे मूळ बहुधा या मोहातच असते आणि ते टाळण्याची वेळ डिसेंबर नसून ऑक्टोबर असते.