तीन पिढ्यांचे ‘देवदास’ : चित्रपटरुची आणि स्मरणरंजन यांचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

प्राध्यापक-कक्षात जुन्या प्रेमपटांचा विषय निघाला की एक विधान हमखास ऐकू येते : पूर्वीच्या चित्रपटांतील प्रेम पवित्र होते, आजच्या पिढीला त्याचे मोल नाही. ‘पूर्वी’ म्हणजे नेमके कोणते साल, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. बोलणाऱ्याच्या जन्मसालात वीस मिळवले की ते बहुधा सापडते. हे केवळ विनोदाने म्हटलेले नाही. चित्रपटरुची ही कालसापेक्ष असते आणि स्मरणरंजन हेही इतिहासाचे एक साधन आहे, फक्त ते इतर साधनांप्रमाणेच तपासून वापरावे लागते, एवढेच प्रस्तुत निबंधात मांडावयाचे आहे. त्यासाठी शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘देवदास’ या कादंबरीची चित्रपटरूपे विचारात घेतली आहेत. एकच कथा प्रत्येक पिढीने नव्याने सांगितली असल्याने तुलनेला ती विशेष सोयीची आहे.

एके काळचा ‘घातक’ चित्रपट

न्यू थिएटर्स या कलकत्त्याच्या संस्थेसाठी प्रमथेश बरुआ यांनी १९३५ मध्ये बंगालीत आणि त्यापाठोपाठ हिंदीत ‘देवदास’ निर्माण केला. बंगालीत स्वतः बरुआ, तर हिंदीत कुंदनलाल सैगल नायक होते. या चित्रपटाने तरुण प्रेक्षकांना अक्षरशः वेड लावले. आज आपण ज्याला अभिजात म्हणतो त्या या चित्रपटाकडे तत्कालीन विचारी मंडळी मात्र संशयाने पाहत होती. प्रेमभंगानंतर मद्यात बुडून मरणारा नायक तरुणांसमोर आदर्श म्हणून यावा काय, असा तो प्रश्न होता.

या प्रश्नाचे सर्वांत समर्थ उत्तर महाराष्ट्रातूनच आले, ही बाब आपल्याकडील चर्चेत फारशी येत नाही. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीसाठी व्ही. शांताराम यांनी १९३९ मध्ये ‘माणूस’ आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘आदमी’ काढली, ती ‘देवदास’मधील पराभूत वृत्तीला प्रत्युत्तर म्हणूनच. शाहू मोडक यांनी रंगविलेला पोलीस शिपाई गणपत आणि शांता हुबळीकर यांची वेश्या मैना यांचे प्रेमही विफलच ठरते. परंतु मैना तुरुंगात गेल्यावर गणपतने मरू नये, कामाला लागावे, असा त्या कथेचा आग्रह आहे. त्या काळच्या पडद्यावरील गोड गोड प्रणयप्रसंगांचे विडंबनही या चित्रपटात आहे. म्हणजे ज्या प्रेमपटांच्या आठवणीने नंतरची पिढी हळवी झाली, त्यांची थट्टा १९३९ मध्येच मराठी प्रेक्षकाने मनसोक्त हसून पाहिली होती. ‘पूर्वीची माणसे’ एकमताची होती, हा समज येथे टिकत नाही.

न पाहिलेल्या चित्रपटाची आठवण

स्मरणरंजनाचा विचार करताना कोणी कोणता चित्रपट पाहिला एवढे विचारून भागत नाही. तो कोणत्या माध्यमातून पोहोचला हेही पाहावे लागते. सैगल जानेवारी १९४७ मध्ये निवर्तले. पुढे कित्येक वर्षे रेडिओ सिलोनच्या सकाळच्या जुन्या गीतांच्या कार्यक्रमाची सांगता त्यांच्या गाण्याने होत असे. त्यामुळे ज्यांनी बरुआंचा चित्रपट कधीही पाहिला नाही, अशा असंख्य श्रोत्यांकडे त्याची ‘आठवण’ आहे. ती चित्रपटाची नव्हे, आवाजाची आहे. कथा गळून जाते, स्वर मागे राहतो. जुन्या प्रेमपटांविषयीच्या हळवेपणात हा श्रवणाचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

बिमल रॉय यांनी बरुआंच्या चित्रपटाचे छायालेखन केले होते. त्यांनीच १९५५ मध्ये दिलीपकुमार यांना घेऊन ‘देवदास’ पुन्हा दिग्दर्शित केला. मात्र आज साठीच्या आसपास असलेल्या आपल्या सहकाऱ्यांचा त्या वर्षी जन्मही झालेला नव्हता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. या पिढीतील अनेकांना असे जुने चित्रपट भेटले ते घरातल्या, बरेचदा शेजारच्या घरातल्या, दूरचित्रवाणी संचावर. थोरांच्या देखत, संपूर्ण कुटुंबासह. ‘पवित्र’ या विशेषणाचा उगम चित्रपटाइतकाच त्या बैठकीतही शोधावा लागेल.

चंद्रमुखी आणि पारो

कादंबरीत पारो व चंद्रमुखी यांची भेट होत नाही. बिमल रॉय यांच्या चित्रपटात त्या वाटेवर समोरासमोर येतात, एकमेकींकडे पाहतात आणि न बोलता पुढे जातात. चंद्रमुखीच्या भूमिकेसाठी मिळालेले साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक वैजयंतीमाला यांनी आपली भूमिका दुय्यम नाही या कारणास्तव नाकारले. संजय लीला भन्साळी यांच्या २००२ च्या चित्रपटात दुर्गापूजेच्या प्रसंगी दोघी एकत्र नृत्य करतात. ज्येष्ठ प्रेक्षकांनी याला विकृतीकरण म्हटले. मूळ कलाकृतीशी निष्ठा हा निकष लावल्यास आक्षेप योग्यही आहे. अर्थात त्या निकषावर बिमल रॉयही पूर्णपणे निर्दोष सुटत नाहीत. अनुराग कश्यप यांच्या ‘देव डी’मध्ये (२००९) तर नायक मरतच नाही, तो चंदासह नव्या आयुष्याकडे निघतो. सत्तर वर्षांपूर्वी शांतारामांनी जो शेवट नाकारला होता, तो नव्या पिढीनेही आपल्या रीतीने नाकारला, असे म्हणता येईल.

तळ्याकाठचा फटका

पदवीच्या वर्गात १९५५ चा चित्रपट दाखवला तेव्हा माझी अपेक्षा होती की विद्यार्थी संथ गतीला कंटाळतील. काही कंटाळलेही. परंतु चर्चा अडली ती वेगळ्याच प्रसंगावर. पारोचे लग्न अन्यत्र ठरल्यावर देवदास तळ्याकाठी तिला मासे धरण्याच्या काठीने मारतो आणि तिच्या कपाळावर कायमचा व्रण उमटतो. मध्यरात्री धाडसाने त्याच्या खोलीत जाऊन लग्नाचे विचारणारी ती, आई-वडिलांपुढे कच खाणारा तो, आणि शिक्षा मात्र तिला, हे कसे, असे विद्यार्थिनींनी विचारले. व्रणाला प्रेमाची खूण मानणारी रसिक परंपरा त्यांना ठाऊक नव्हती. ती सांगताना मलाच अवघडल्यासारखे झाले. त्यांची रुची उथळ आहे, हे म्हणणे त्या दिवसापासून मी सोडून दिले.

डिसेंबर २०२२ मध्ये दिलीपकुमार यांच्या जन्मशताब्दीनिमित्त हा चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत झळकला. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून जुन्या चित्रपटांच्या प्रती जपत आहे. मात्र ते चित्रपट कोणी, कोणासमवेत, कोणत्या परिस्थितीत पाहिले, याच्या मौखिक नोंदी आपल्या इतिहास विभागांनी क्वचितच घेतल्या, आणि सांगणारे दरवर्षी कमी होत आहेत. आरंभ म्हणून मी स्वतःच्या आईला विचारले. तिने हा चित्रपट लग्नाआधी दूरदर्शनवर पाहिला होता. गाणी तिला क्रमाने आठवत होती. बैलगाडीतला शेवटचा प्रवास तिने तपशिलाने सांगितला. काठीचा प्रसंग मात्र चित्रपटात नाहीच, असे तिचे ठाम म्हणणे होते. आम्ही दोघींनी तो पुन्हा लावून पाहिला. प्रसंग आल्यावर ती काही क्षण गप्प राहिली, आणि मग तिने मला तो मागे नेऊन पुन्हा लावायला सांगितले.