दिव्याखालचा पारा

ऊर्जा वाचविणाऱ्या दिव्याच्या इतिहासाचा आरंभ तेलाच्या टंचाईत आहे. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि पाश्चात्त्य देशांत विजेचा काटेकोर हिशेब होऊ लागला. एडिसनच्या काळापासून चालत आलेल्या तारेच्या बल्बमध्ये शंभरांतील जेमतेम पाच भाग विजेचा प्रकाश होई. उरलेल्याची नुसती उष्णता. काटकसरी ट्यूबलाइट १९३८ पासून बाजारात होती. पण घरातल्या होल्डरात ती बसावी कशी? १९७६ साली एडवर्ड हॅमर या अमेरिकन अभियंत्याने ती नळी पिळून मळसूत्राकार केली, आणि १९८० साली फिलिप्सने होल्डरात बसणारा दिवा विक्रीस आणला. यालाच आपण पुढे सीएफएल म्हणू लागलो.

या दिव्याच्या पोटात पारा असतो. पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली की अतिनील किरण निघतात, ते काचेच्या आतील भुकटीवर आदळतात आणि त्यांचा दृश्य प्रकाश होतो. एका दिव्यातला पारा साधारण तीन ते पाच मिलिग्रॅम, म्हणजे डोळ्यांत भरू नये इतका अल्प.

येथे एक हिशेब मांडणे अगत्याचे आहे. साठ वॅटच्या बल्बच्या जागी चौदा वॅटची सीएफएल लावली आणि ती आठ हजार तास जळली, तर ३६८ युनिटे वाचतात. तेवढ्या विजेसाठी औष्णिक केंद्रात दोनशे किलोंहून अधिक कोळसा जाळावा लागतो. कोळशातही सूक्ष्म पारा असतोच, आणि धुराड्यातून सुटणारा हा पारा दिव्यातल्या पाऱ्यापेक्षा सहसा अधिक भरतो. तेव्हा एकंदर बेरीज सीएफएलच्याच बाजूची, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

पण बेरजेत एक गोष्ट लपते. वाचलेला पारा सिंगरौलीच्या धुराड्यातला. सांडणारा पारा दिल्लीच्या उकिरड्यावरचा. फायदा सर्वांत वाटला जातो. फुटलेल्या नळीची वाफ मात्र कचरा वेचणाऱ्या पोराच्या आणि भंगारवाल्याच्या श्वासात जाते. तिला रंग नाही, वास नाही. मज्जासंस्था आणि मूत्रपिंडे यांवर तिचा घाला पडतो.

फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्र सरकारने बचत लॅम्प योजना काढली. जुना बल्ब द्यावा आणि सुमारे पंधरा रुपयांत सीएफएल न्यावी. कार्बन-बचतीचे श्रेय जगाच्या बाजारात विकून उरलेली किंमत भरून काढावयाची होती. म्हणून जमा झालेला प्रत्येक बल्ब मोजून, नोंद करून फोडावा लागे. काच, पत्रा आणि तार एवढाच ज्याचा ऐवज, त्या निरुपद्रवी बल्बाला असा पंचनामा! योजनेतील सीएफएल परत घेण्याची तरतूद कागदावर होती. पण दुकानातून सर्रास विकल्या गेलेल्या दिव्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे ई-कचऱ्याचे नियम लागू झाले ते ऑक्टोबर २०१६ मध्ये. मधल्या वर्षांत जळून गेलेले दिवे बहुतांशी घरच्या केराबरोबरच गेले. कारकुनी पेशातल्या माणसाला याचे नवल वाटू नये. कचेरीतली मोडकी खुर्ची निकालात काढावयाची तर तीन सह्या लागतात. जळालेल्या ट्यूबा मात्र जिन्याखाली उभ्या असतात आणि एके दिवशी नाहीशा होतात.

जपानमधील मिनामाता येथे कारखान्याने उपसागरात सोडलेला पारा माशांवाटे माणसांच्या पोटात गेला. त्या रोगाची अधिकृत नोंद १९५६ सालची. त्याच गावाचे नाव धारण करणारा पाराविषयक आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला आणि २०१८ साली भारताने त्यास अनुमती दिली. तोवर बाजारच पालटला होता. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेतून छत्तीस कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. त्यांत पारा नाही, हा निःसंशय मोठा लाभ. तथापि त्यांतही इलेक्ट्रॉनिक पट्टी असते. पुष्कळदा तीच आधी बिघडते आणि प्रकाश देणारा भाग शाबूत असताना सबंध दिवा केरात जातो.

मिनामाता करारान्वये घरगुती सीएफएलच्या उत्पादनास २०२५ ची, तर लांब ट्यूबांना २०२७ ची अखेरची मुदत ठरली. चार फुटी ट्यूबा आजही कितीतरी जुन्या सरकारी इमारतींच्या छतांवर आहेत. एकेक करून त्या उतरविल्या जात आहेत. उतरविणारा बहुधा कंत्राटी कामगार असतो, आणि त्याच्या हातात मोजे नसतात.