शब्द तेच, परंतु श्रद्धा?

मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी ख्रिस्ती घरे मोजकीच. म्हणून कोण कोणत्या मंडळीचा, हा प्रश्न बहुधा सोयरीक जुळविताना उभा राहतो. मुलगी मेथॉडिस्ट घराण्यातील असेल तर धर्मगुरू तिच्या बाप्तिस्म्याचा दाखला पाहतात व तो ग्राह्य धरतात. तिला पुन्हा स्नानसंस्कार दिला जात नाही. मग कोणी मॉर्मन पंथातून आले तर?

हा प्रश्न महाराष्ट्रास सर्वस्वी परका नाही. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली अमेरिकेत स्थापन केलेल्या या पंथाचे प्रचारक ह्यू फिंडले १८५२ साली मुंबईत उतरले व पुढे पुण्यास गेले. तेथे लहानशी मंडळीही जमली, परंतु थोड्याच वर्षांत ते कार्य मावळले.

ख्रिस्तसभेपुढील मूळ वाद याहून फार जुना आहे. तिसऱ्या शतकात कार्थेजचे संत सिप्रियन म्हणत की, पाखंडी मंडळीत दिलेला बाप्तिस्मा व्यर्थ होय. पोप संत स्तेफन यांनी ते अमान्य केले आणि ख्रिस्तसभेने त्यांचाच मार्ग धरला. संस्कार मुळात ख्रिस्ताचा, देणाऱ्याचा नव्हे, असे पुढे संत ऑगस्टीन यांनी प्रतिपादिले. मेथॉडिस्ट सुनेचा दाखला आपण मानतो तो याच न्यायाने.

मॉर्मनही पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. परंतु त्यांच्या शिकवणीत हे तिघे एकच परमेश्वर नसून तीन पृथक् व्यक्ती आहेत आणि पित्यासही हाडामांसाचे शरीर आहे. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, ही ३२५ सालच्या निकाया परिषदेची श्रद्धा येथे उरत नाही. म्हणून व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने ५ जून २००१ रोजी, हा बाप्तिस्मा वैध आहे काय, या प्रश्नास नकारार्थी उत्तर दिले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यास संमती दिली होती.

मॉर्मन स्वतःस ख्रिस्ती म्हणवितात व येशूस तारणारा मानतात, हे आम्ही नाकारीत नाही. निर्णय त्यांच्या बाप्तिस्म्याविषयी आहे. त्यांच्या अंतःकरणाचा न्याय करणे आपले काम नव्हे. त्या पंथातून आलेल्यास आपण प्रथमच स्नानसंस्कार देऊ, आणि तोही सन्मानाने.

मात्र ज्या त्रैक्यामुळे हा भेद पडला, त्याच्या नावाने आपण रोज क्रुसाची खूण करतो. तिचा अर्थ आपल्या घरातील मुलांना सांगता येईल काय?