बावीस इंची सायकल आणि सहा फुटी पुतण्या

बेळगावच्या आठवणी म्हटलं की आपण कुंदा, कॅम्प आणि सीमाप्रश्न यांच्याकडेच वळतो. आज मी सायकलीच्या एका दांड्याबद्दल लिहिणार आहे. सीट ज्याच्यावर बसते आणि जो खाली फ्रेमच्या नळीत घुसतो तो दांडा. दुकानात त्याला सीट पिलर म्हणतात. विषय ऐकून भावानं कपाळाला हात लावला. तुम्ही मात्र वाचा.

आपल्या गावाचं आणि सायकलीचं नातं जुनं. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे, जन्म १८६९ चा. मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकलमध्ये शिकवत होते तेव्हा ते तिथून सायकली घेऊन बेळगावला थोरल्या बंधूंकडे, रामूअण्णांकडे पाठवायचे. रामूअण्णा त्या विकायचे, वर पंधरा रुपये घेऊन चालवायला शिकवायचेही. सायकलीची किंमत तेव्हा सातशे ते हजार रुपये! म्हणजे ते गिऱ्हाईक कोण असेल याचा विचार करा. किर्लोस्कर उद्योग आपली सुरुवात १८८८ पासून मोजतो ती या सायकलीच्या दुकानापासून. पुढं कडबा कापायची यंत्रं आली, लोखंडी नांगर आला आणि १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या जागेवर सगळा पसारा किर्लोस्करवाडीला गेला. आपल्याकडे किर्लोस्कर रोड राहिला.

त्याच्या थोड्याच आधीपर्यंत विलायतेत सायकल म्हणजे पुढं भलंमोठं चाक आणि मागं चिमुकलं. पायडल थेट मोठ्या चाकालाच, त्यामुळं पाय जेवढा लांब तेवढं चाक मोठं घ्यायचं. बुटक्याची सायकल वेगळी, उंचाची वेगळी, शिंप्याकडं विजार शिवल्यासारखी. बापाची सायकल मुलाला येईलच असं नाही. १८८५ च्या सुमारास स्टार्लीची रोव्हर आली, चेन मागच्या चाकाला गेली आणि दोन्ही चाकं जवळपास सारखी झाली. मग माणसाच्या उंचीचा हिशेब कुणी ठेवायचा? तो या पिलरवर आला. सीट वर-खाली होऊ लागली आणि एकच सायकल घरातल्या चौघांना पुरू लागली. हा फरक मला हवा भरलेल्या टायरइतकाच मोठा वाटतो, पण त्याचं कौतुक कुणी करत नाही.

आपल्याकडच्या काळ्या सायकली बहुतेक दोन मापांच्या, बावीस इंची आणि चोवीस इंची. हे माप चाकाचं नव्हे (चाकं दोन्हींची अठ्ठावीसच), फ्रेमच्या उभ्या नळीचं. येळ्ळूर, हिंडलग्याकडून दूध आणि भाजी घेऊन येणारे उंचेपुरे गडी चोवीसवर, मास्तर-कारकून मंडळी बावीसवर, असा माझा लहानपणीचा समज.

आमचे आबा मास्तरच, उंची पाच फूट तीन इंच. त्यांनी हर्क्युलस घेतली ती मद्रासला बनलेली, बावीस इंची. आबांनी पिलरवर कानशीनं एक बारीक खूण केली होती, सीट काढून पुन्हा बसवली तरी उंची तीच राहावी म्हणून. बाबा कॉलेजला जाऊ लागले तेव्हा त्याखाली दुसरी खूण झाली. तिसरी माझी. आरपीडी कॉलेजला मी त्याच सायकलवरून जायची, आणि मधली दांडी ओलांडून बसणारी मुलगी म्हणून टिळकवाडीत लोक वळून बघायचे. असो. दांडा जसजसा वर येतो तसतशी खूण खाली जाते. आमच्या घराण्याची उंची त्या सहा इंच लोखंडावर कोरलेली आहे.

आता पुतण्या सहा फूट एक इंच. उद्यमबागेतच नोकरी, घरापासून चार किलोमीटर, आणि हौस आबांच्या सायकलची. महिनाभर चालवली, मग गुडघे धरून बसला. दुखणं गुडघ्याच्या वाटीपुढं, म्हणजे सीट खाली असल्याचं ठरलेलं लक्षण, कारण पाय कधी सरळच होत नाही. भाऊ म्हणाला, घर पाडायचंच आहे, त्याच्या आधी सायकल भंगारात घाल. मला ते पटेना.

सीट किती वर हवी याचा जुना हिशेब सोपा आहे. सीटवर बसायचं, टाच पायडलवर ठेवायची, पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवून चालवताना गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो. आकड्यात हवं असेल तर जांघेपासून जमिनीपर्यंतची लांबी ०.८८३ नं गुणायची, येईल ते क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. पुतण्याचं माप ८७.५ सेंटिमीटर, म्हणजे सीट सव्वासत्याहत्तरवर. फ्रेमचे ५६ गेले, स्प्रिंगच्या सीटची जाडी गेली, उरले सुमारे १४. तेवढा पिलर बाहेर दिसायला हवा, म्हणजे साडेपाच इंच. आबांचा पिलर अख्खाच सहा इंच!

अर्धा इंच आत राहून चालत नाही. निदान जाडीच्या अडीचपट तरी नळीत हवा आणि वरच्या आडव्या दांडीच्या जोडाखाली उतरायला हवा, नाहीतर बसणाऱ्याचा सगळा भार नळीच्या तोंडावर येतो आणि फ्रेमच फाटते. बाजारातल्या एका दुकानदारानं सुचवलं, "ह्यालाच वर पाइपचा तुकडा वेल्ड करून देतो की ओ." नको म्हटलं. जोड तुटला तर कुठं तुटेल याचा विचार करूनच अंगावर काटा आला.

नव्या सायकलींचे लांब पिलर मिळतात, पण ते २७.२, ३०.९, ३१.६ मिलिमीटर जाडीचे. आमच्या नळीचं आतलं माप व्हर्नियरनं घेतलं तर २५.४, बरोबर एक इंच. बारीक पिलर असता तर पत्र्याची गुंडाळी घालून बसवता आला असता, जाड कसा घुसवणार? आणखी एक म्हातारे दुकानदार हात पुसत म्हणाले, "लांब पिलर आता गावायचा नाही ओ. उद्यमबागेत जा आणि लेथवर करून घ्या."

हे आपल्याला आधी सुचायला हवं! फौंड्री आणि लेथ हेच तर बेळगावचं बळ. तिथल्या एका छोट्या शेडमध्ये कारागिरानं जुना पिलर हातात घेतला, खुणा बघितल्या, विचारलं, "घरातल्या माणसांच्या काय ओ?" मग जाड सीमलेस पाइप घेऊन दहा इंचाचा नवा केला. वरचा इंचभर भाग सीटची क्लिप बसते तिथं सात अष्टमांश इंचाला बारीक केला. जिथं जाड संपून बारीक सुरू होतं तो खांदा त्यानं काटकोनात न कापता गोलाईनं उतरवला. कोपरा तीक्ष्ण ठेवला की तडा तिथूनच सुरू होतो, हे त्याला सांगावं लागलं नाही. शेवटी खालून अडीच इंचांवर पंचनं एक रेघ मारून दिली. ही रेघ नळीच्या बाहेर दिसता कामा नये.

नवा पिलर बसला. साडेपाच बाहेर, साडेचार आत. नळी मागं झुकलेली असल्यानं सीट वर गेली तशी थोडी मागंही गेली आणि लांब हातांना तेही मानवलं. हॅण्डल बोटभर वर घेतलं. पहिल्याच दिवशी पुतण्यानं कानशीनं स्वतःची खूण केली. गुडघ्याची तक्रार दोन आठवड्यांत बंद झाली, आणि भंगाराचा विषय भावानं पुन्हा काढलेला नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुनी चोवीस इंची असेल तर तिच्या पिलरची लांबी मोजून जरूर लिहा, मला ताडून बघायची आहे. आबांचा पिलर मी तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवलाय. धाकटी पुतणी पाच फूट एक इंचावर आहे, पुढच्या जूनमध्ये कॉलेजला जाईल.