मोजमाप आणि संमती

३० जानेवारी १९३० रोजी रशियातील पावलोव्स्क येथून पावेल मोल्चानोव यांनी एक फुगा आकाशात सोडला. त्याला बांधलेले यंत्र वरच्या हवेची स्थिती बिनतारी संदेशाने खाली कळवीत होते. दूरच्या यंत्राने आपण होऊन अशी खबर द्यावी, यालाच टेलिमेट्री अथवा दूरमापन म्हणतात. आकाशाची परवानगी कोणी घेतली नाही. तशी गरजही नव्हती. पुढे हेच दूरमापन संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरले आणि माणसाचे वर्तन मोजले जाऊ लागले. वादाचे मूळ येथे आहे.

मे २०२१ मध्ये ध्वनिसंपादनाच्या 'ऑडॅसिटी' या सॉफ्टवेअरला असा भाग जोडण्याचा प्रस्ताव त्याच्या नव्या चालकांनी मांडला. वापरणाऱ्याने होकार दिल्याशिवाय तो चालू होणार नव्हता. तरीही गदारोळ झाला. कारण माहिती गूगल व यांडेक्स या त्रयस्थांच्या यंत्रणांकडे जाणार होती. थोड्याच दिवसांत प्रस्ताव मागे घेतला गेला.

फेब्रुवारी २०२३ मध्ये गूगलमधील रस कॉक्स यांनी 'गो' या संगणकभाषेच्या साधनांसाठी निराळी योजना मांडली. त्यांची अडचण खरी होती. दोष कळवणारे थोडे, निमूटपणे सोसणारे पुष्कळ. मग दुरुस्ती कशाची करावी? म्हणून मोजणी ज्याच्या त्याच्या संगणकावर व्हावी, नमुन्यादाखल काहींचेच आकडे मागवावेत, त्यांस ओळखक्रमांक जोडू नये आणि जमलेली माहिती सर्वांस खुली असावी, असे त्यांनी सुचविले. रचना विचारपूर्वक केलेली होती. परंतु नको म्हणण्याचा भार वापरणाऱ्यावर होता. त्यावर आक्षेप आले आणि त्याच महिन्यात कॉक्स यांनी आपली योजना बदलली. ऑगस्ट २०२४ च्या 'गो १.२३' पासून, वापरणाऱ्याने स्वतः आज्ञा दिल्याखेरीज आकडे त्याच्या संगणकाबाहेर जात नाहीत.

याची किंमत आहे. स्वेच्छेने दिलेले आकडे थोडे असतात, आणि कदाचित एकांगीही. पण या दोन घटना एकत्र पाहिल्या म्हणजे दिसते ते असे की, संमती मागितली तरी विश्वास लागतो आणि रचना चोख असली तरी संमती लागते. मौनाला होकार समजणे कारागिराच्या सोयीचे असेल. परंतु ज्याचे घर त्याने दार उघडावे, हाच न्याय होय.