परळच्या दोन खोल्या



किल्ल्याला इतिहास असतो, वाड्याला असतो, गोऱ्या साहेबाच्या कचेरीलाही असतो. चाळीला काय असते? गळके छप्पर! आपल्यालाही तसेच वाटत आले. ती समजूत मोडावी म्हणून हा लेख.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. कोंदट वस्त्यांत माणसे पटापट मेली. तेव्हा १८९८ साली सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. त्याने रस्ते रुंद केले, कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्याच या बी.आय.टी. चाळी. १९३३ साली ट्रस्ट म्युनिसिपालटीत विलीन झाला आणि चाळी तिच्याकडे आल्या.

परळच्या पोयबावडीत एक नंबरच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत १९१२ ते १९३४ परमपूज्य बाबासाहेबांचे बिऱ्हाड होते. साहेब परदेशी शिकत होते तेव्हा माता रमाईने संसार ओढला. १९२० चा 'मूकनायक', १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ चा महाड सत्याग्रह, १९३२ चा पुणे करार, या सगळ्या काळात साहेबांचे घर हेच. शेजार कामगारांचा. ज्याने देशाची घटना लिहिली तो असा चाळकरी होता.

आता कायद्याचे बघू. १९९५ साली मुंबईसाठी वारसा वास्तूंची नियमावली झाली. तिच्यात तीन श्रेणी आहेत आणि पालिकेला सल्ला देणारी समिती आहे. पहिल्या श्रेणीच्या व्याख्येत नुसती नक्षी आणि कमानी नाहीत. थोर व्यक्ती, घटना, चळवळ यांच्याशी वास्तूचे नाते असू शकते, असेही म्हटले आहे. म्हणजे चाळीसाठी कायद्याचे दार बंद नाही. ते ठोठवायला मात्र आपणच पाहिजे.

हे सोपे नसते. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरात साहेब १९२१-२२ साली राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले. तिथल्या कॅम्डेन पालिकेने संग्रहालयाला परवानगी नाकारली. राहते घर कमी होते, असे तिचे म्हणणे. शेजाऱ्यांच्याही तक्रारी होत्या. चौकशी झाली, दोन्ही बाजूंनी कागद मांडले गेले, आणि २०२० साली तिथल्या सरकारच्या मंत्र्याने परवानगी दिली. नुसत्या घोषणांनी ते झाले नसते.

कोणी म्हणेल, चाळ जपायची म्हणजे आम्ही गळक्या छपराखालीच मरायचे काय? मुळीच नाही! चाळकऱ्याला पक्के घर, स्वतःचा नळ, स्वतःचा संडास मिळालाच पाहिजे. साहेबांचा लढा माणसाच्या इज्जतीसाठीच होता. पण नवी इमारत उभी करताना जुन्या खोल्यांचे काय होणार, हे बिल्डरच्या नकाशावर सोडायचे नाही. आधी लेखी घ्यायचे, मग सही करायची.

म्हणून या वर्धापनदिनी एक काम करू. घरातल्या जुन्या भाडेपावत्या, फोटो, सभांची हँडबिले, विहाराची इतिवृत्ते रद्दीत घालू नका. म्हाताऱ्यांच्या आठवणी वहीत उतरवून घ्या. पालिकेला पत्र दिले की पोच घ्या आणि जपून ठेवा. तोंडी इतिहास माणसाबरोबर स्मशानात जातो, कागदावरचा मागे राहतो.

जयभीम! नमो बुद्धाय!